नळ आला, गटार राहिलं: ब्रिटिश काळातल्या लहान गावांचं पाणी आणि सफाई (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

गावच्या पाण्यावर कुठं बोलायला गेलो की नंतर चहाच्या वेळी लोक हमखास गाठतात. "आमच्या आळीत एक दगडी मनोरा आहे, तो कशाचा?" "आजोबा टोपलीच्या संडासाबद्दल सांगायचे, ते खरं का?" पत्रांतून आणि फोनवरही फिरून फिरून तेच प्रश्न येतात. ते इथं एकत्र केले आहेत. 'लहान गाव' म्हणजे इथं मुख्यतः जुन्या मुंबई इलाख्यातली तालुक्याची आणि जिल्ह्याची गावं. मुंबई-पुण्याचं नाव तुलनेपुरतंच येईल. संस्थानं, वऱ्हाड, मराठवाडा यांच्यासाठी प्रश्न १३ पाहा आणि गोव्यासाठी प्रश्न १४.

१. इंग्रज येण्याआधी आपल्या गावांत पाण्याची सोय नव्हतीच का?

होती, आणि काही ठिकाणी चांगली होती. पुण्यात नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० च्या सुमारास, कात्रजला तलाव बांधून तिथलं पाणी बांधीव नळानं शनिवारवाड्यापर्यंत आणलं. औरंगाबादला मलिक अंबरची नहर त्याहून शंभरावर वर्षांनी जुनी. अहमदनगरला निजामशाहीपासून कापूरवाडी, वडगाव, शेंडी या बाजूंनी खापरी नळ येत. साताऱ्याला यवतेश्वराच्या डोंगरावरून पाणी उतरवलं होतं. युक्ती सगळीकडे एकच: उंचावरचं पाणी निव्वळ उताराच्या ओढीनं गावात आणायचं आणि वाटेत ठरावीक अंतरावर उच्छ्वास ठेवायचे. आळीतला तो दगडी मनोरा बहुधा हाच. त्यातून नळातली हवा बाहेर पडते, दाब आटोक्यात राहतो आणि गाळ काढायला माणूस आत उतरू शकतो.

हे पाणी पेठेतल्या हौदापर्यंत आणि सरदारांच्या वाड्यापर्यंत पोचायचं. बाकी गाव आड, विहीर, बारव आणि नदीवर. वापरून झालेलं पाणी मोरीतून परसात जायचं. तिथं अळू आणि केळ, आणि त्यातूनही उरलं तर बोळात. परस मोठं आणि घरात माणसं बेताची होती तोवर हे निभावलं.

२. आमची नगरपालिका १८५७ च्या बंडाच्याही आधीची आहे म्हणतात. हे कसं शक्य आहे?

शक्य आहे. १८५० चा २६ वा कायदा म्हणून एक कायदा होता. गावातल्या लोकांनी अर्ज करावा, गावाची तशी इच्छा आहे अशी सरकारची खात्री पटावी, मग तिथं म्युनिसिपालिटी स्थापन व्हावी, अशी त्याची रीत. इतर प्रांतांत हा कायदा फारसा कुणी वापरला नाही, मुंबई इलाख्यात मात्र खूप गावांनी वापरला. पनवेल आणि सोलापूर १८५२, अहमदनगर १८५४, पंढरपूर आणि कल्याण १८५५.

'लोकांचा अर्ज' हे शब्द जरा जपून वाचावेत. अर्जावर सह्या व्यापाऱ्यांच्या आणि इनामदारांच्या, सूचना पुष्कळदा कलेक्टरची, आणि पुढं अध्यक्षाच्या खुर्चीतही कलेक्टरच. निवडून आलेले सभासद नीटसे दिसू लागतात ते लॉर्ड रिपनच्या १८८२ च्या ठरावानंतर आणि १८८४ च्या जिल्हा म्युनिसिपल कायद्यानंतर. त्यानंतरचा मोठा कायदा १९०१ चा. जुन्या ठरावांत 'कलम अमुक प्रमाणे' असं लिहिलेलं दिसलं की आधी ठरावाचं साल बघा, म्हणजे कोणत्या कायद्याचं कलम ते कळेल.

३. इंग्रजांना आपल्या गटारांची एवढी काळजी का होती?

काळजी गोऱ्या शिपायाची होती. हिंदुस्थानातल्या ब्रिटिश फौजेच्या आरोग्याची चौकशी करायला १८५९ मध्ये एक शाही आयोग नेमला. त्याचा अहवाल १८६३ मध्ये आला आणि त्यातला एक आकडा विलायतेत गाजला: दर हजार शिपायांमागे वर्षाला ६९ मृत्यू, तेही लढाईत नव्हे, बहुतांश आजारानं. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी लंडनमध्ये बसून ठाण्याठाण्यांवरून आलेली उत्तरं वाचली आणि पाणी व गटारं यांवर सडेतोड टिपण लिहिलं. १८६४ मध्ये मुंबई, मद्रास आणि बंगाल या तिन्ही इलाख्यांत सॅनिटरी कमिशन बसलं. त्याच साली छावण्यांचा कायदाही झाला.

त्या काळी रोग 'खराब हवे'तून होतो असं मानत. घाण कुजते, तिची वाफ वर येते, ती श्वासात गेली की ताप. मग छावणी कितीही झाडली तरी शेजारच्या गावावरून येणारा वारा कसा अडवणार? गावाच्या उकिरड्याकडे सरकारचं लक्ष गेलं ते असं. निदान चुकीचं होतं, पण उपाय पुष्कळदा बरोबर निघाला, कारण घाण उचलली की माश्याही कमी होतात आणि पाण्यात मिसळणारा मैलाही.

४. छावणी आणि गाव शेजारी-शेजारी असताना नियम वेगळे कसे?

छावणी नगरपालिकेच्या हद्दीबाहेर असते. अहमदनगरचं भिंगार, देवळाली, खडकी, कामठी, सगळीकडे हीच गोष्ट: रस्त्याच्या एका बाजूला लष्करी शिस्तीची सफाई, दुसऱ्या बाजूला नगरपालिकेच्या तिजोरीत असेल तेवढी. हद्दीवरच्या नाल्याची जबाबदारी कुणाची, या वादाचा पत्रव्यवहार वाचायला बसलात तर जेवणाची आठवण राहणार नाही.

५. पैसा कुठून यायचा?

मुख्यतः जकातीतून. गावात येणाऱ्या धान्यावर, तुपावर, गुळावर, कापडावर नाक्यावर पैसे घ्यायचे. घरपट्टी कुणालाच नको असायची आणि सभासद घरमालकच असल्यानं ती वाढायचीही नाही. मुंबई इलाख्यातल्या लहान नगरपालिकांच्या जमाखर्चात म्हणूनच जकातीचा रकाना सगळ्यात जाड. ती भरायचा व्यापारी, पण बसायची भाकरीवर, म्हणजे गरिबावरही. शिवाय पाऊस बुडला, बाजार बसला की सफाईची मजुरीही बसली.

या तुटपुंज्या पैशातून दिवाबत्ती, रस्ते, शाळा, दवाखाना, देवी काढणं (देवीची लस टोचणं) हे सगळं भागवून गटारासाठी उरणार किती? त्यात साहेबांच्या भेटीचा खर्च. महात्मा फुले १८७६ पासून काही वर्षं पुणे नगरपालिकेचे सभासद होते. व्हाइसरॉय लिटन येणार म्हणून हजार रुपये खर्चायचा विषय निघाला तेव्हा विरोधात मत दिलं ते एकट्या त्यांनी.

६. टोपलीचा संडास म्हणजे नेमकं काय?

ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगून पटत नाही. आमच्या जुन्या वाड्यात परसाच्या टोकाला चार पायऱ्या चढून जायचा एक चौथरा होता. वर दोन दगडी पाय ठेवायला, मधे भोक. खाली अंधाऱ्या कप्प्यात आतून डांबर फासलेली बांबूची टोपली. कप्प्याला मागच्या बोळाच्या बाजूनं पत्र्याची झडप. सकाळी आठच्या सुमारास ती झडप वर उचलल्याचा आवाज यायचा, मग राखेचा फरक-फरक, मग झडप आपटायची. आत कुणी असेल तर त्यानं खाकरायचं आणि बाहेरच्या बाईनं थांबायचं. त्या बाईचा चेहरा मी कधी पाहिला नाही, आवाज मात्र अजून ओळखेन. ही गोष्ट १९७० नंतरची आहे, म्हणजे पद्धत ब्रिटिशांबरोबर गेली नाही.

मागचा तो अरुंद बोळ मुद्दाम सोडलेला असायचा. जुन्या खरेदीखतांच्या चतुःसीमेत तो जातीच्या नावानं लिहिलेला सापडतो. आज तीच जागा कुणी परसात घेतली आहे, कुणी तिथं मोटारसायकल लावतो.

तुरुंगांत आणि छावण्यांत कोरड्या मातीची पद्धत होती: प्रत्येक वेळी वरून कोरडी माती टाकायची, म्हणजे वास आणि माश्या दोन्ही कमी. गावात ती टिकली नाही. एवढी कोरडी माती रोज आणणार कोण, आणि पावसाळ्यात ती कोरडी राहणार कशी?

७. मैला पुढं कुठं जायचा? सोनखत म्हणजे हेच का?

हेच. गाड्यांतून मैला गावाबाहेरच्या डेपोत न्यायचा, उथळ चरांत किंवा वाफ्यांत पसरायचा, त्यावर राख आणि रस्त्यावरचा केर टाकायचा, उन्हात वाळवायचा आणि वरचेवर उलथायचा. पूर्ण वाळल्यावर ती काळसर भुकटी होते, वास जवळजवळ जातो आणि उसाला तिच्यासारखं खत नाही. सुरुवातीला शेतकरी हात लावायला तयार नसत. शेजाऱ्याचा ऊस पाहिल्यावर गाड्या घेऊन डेपोच्या दारात उभे राहू लागले. पुण्याजवळच्या कालव्याखालच्या बागायतीत हे आधी घडलं, मग इतर गावांनी उचललं. लिलावातून नगरपालिकेला चार पैसेही मिळू लागले.

पावसाळ्यात मात्र गाडं अडायचं. चर भरून वाहायचे आणि डेपो ओढ्याच्या वरच्या अंगाला असेल तर तेच पाणी खालच्या वाडीत. जुन्या नकाशावर 'खत डेपो' कुठं आहे आणि ओढा कुठल्या दिशेनं वाहतो हे शेजारी ठेवून पाहा. पटकीच्या (कॉलऱ्याच्या) साथीत कोणती वस्ती आधी सापडत असेल, याचा अंदाज येतो.

८. हे काम करणाऱ्यांबद्दल कुणीच का लिहीत नाही?

लिहिलं आहे, पण त्यांनी स्वतः लिहिलेलं हाती फार थोडं लागतं. नगरपालिकेच्या कागदांत ते पगाराच्या यादीत, दंडाच्या यादीत आणि 'गैरहजर' या शेऱ्यात भेटतात. गावकीच्या रिवाजात हे काम जिथं तुटक होतं तिथं नगरपालिकेनं त्याला पगारी नोकरीचं रूप दिलं. पण नोकरी दिली ती जात बघूनच, त्यामुळं जात अधिकच पक्की झाली. खेड्यात जे काम नेमून दिलेलं नव्हतं, ते गावात त्याच जातीच्या पोराला जन्मापासून नेमून दिलेलं.

शिवाय कायदा. मुंबई इलाख्यात १८९० मध्ये म्युनिसिपल नोकरांचा कायदा झाला. आरोग्याशी संबंधित काम करणारा नोकर रजा किंवा पूर्वसूचना न देता निघून गेला तर तो गुन्हा. कारकून न सांगता गेला तर पगार कापला जायचा, सफाईवाला गेला तर त्याच्यामागे फौजदारी लागायची.

उलट दिशेचं एक उदाहरण कोकणातलं. अप्पासाहेब पटवर्धन १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात होते. त्यांनी संडाससफाईचं काम मागितलं. सवर्ण कैद्याला ते काम देता येत नाही म्हणून नकार मिळाला. त्यांनी अन्न सोडलं, आणि येरवड्यात असलेल्या गांधीजींनी त्यांच्यासाठी डिसेंबरात उपवास सुरू केला. सरकार दोन-तीन दिवसांत नरमलं. पुढं अप्पासाहेबांनी कणकवलीला गोपुरी आश्रमात मैल्याला हात न लावता खत होईल असा संडास बसवला. मुंबई सरकारनं १९४९ मध्ये बर्वे समिती नेमून या कामगारांच्या राहणीची चौकशी केली. डोक्यावरून मैला वाहण्यावर केंद्राच्या कायद्यानं बंदी यायला १९९३ साल उजाडलं आणि ती पुरी पडेना म्हणून २०१३ मध्ये दुसरा कायदा करावा लागला.

९. गावात नळ कधी आले, आणि ते पाणी स्वच्छ होतं का?

मुंबईला विहार तलावाचं पाणी १८६० मध्ये मिळालं, खडकवासल्याचं धरण १८७९ च्या सुमारास पुरं झालं. लहान गावांना नळ आले ते साधारण त्यानंतर, आणि तेही जिथं जवळ तलाव, कालवा किंवा डोंगर होता तिथं. सोलापूरजवळचा एकरुख तलाव १८७१ मध्ये बांधून झाला तो शेतीसाठी. १८७७ मध्ये गिरणी उभी राहिली, गाव फुगलं, आणि मग त्याच पाण्यावर शहराची योजना झाली. साताऱ्याला कासच्या तलावाचं पाणी डोंगरकडेच्या उघड्या पाटानं वीस-पंचवीस किलोमीटर वाहत यायचं. पंढरपूरला यमाई तलाव.

घरोघर नळ नव्हता. चौकात नळकोंडाळं असायचं: मधे बिडाचा खांब, भोवती तोट्या, खाली फरशी. घरात तोटी हवी तर अर्ज, फी आणि पाणपट्टी. बऱ्याच योजनांत सुरुवातीला गाळणीही नव्हती, पाणी नुसतं निवळून सोडत. तेव्हा 'पूर्वी पाणी कसं अमृतासारखं' असं कुणी सांगितलं तर मान डोलवावी. खरं म्हणजे चव चांगली होती, पण चवीवरून जंतू कळत नाहीत. विहिरीच्या पाण्याशी तुलना केली तर मात्र नळाचं पाणी बहुतेक गावांत सुरक्षितच होतं, कारण त्यात शेजारच्या संडासाचा पाझर नव्हता.

पाणी वाहणारे पखालवाले आणि पाणके नळ येताच नाहीसे झाले नाहीत. आधी ते नळकोंडाळ्यापासून वाड्यापर्यंत पाणी वाहू लागले, मग हळूहळू कमी झाले.

१०. नळ आल्यावर गावात डास वाढले असं आजी सांगायची. हे खरं असेल का?

आजीचं बरोबर आहे, आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासाची गोम इथंच आहे.

आडातून पोहऱ्यानं पाणी ओढायचं असेल तर माणूस चार घागरींत भागवतो. तोटी फिरवली की पाणी येतंय म्हटल्यावर दहा लागतात. त्या दहा घागरी घरात येतात तशा बाहेरही जायला हव्यात. कुठून? पूर्वीच्या परसात आता खोल्या निघालेल्या, अळू-केळीची जागा गेलेली, आणि मोरीचं पाणी बोळात. बोळाला धड उतार नाही. नगरपालिकेनं दगडी किंवा मातीची उघडी गटारं काढली, पण ती गावाच्या वेशीवरच्या खळग्यापर्यंतच. तिथं डबकं. पाणी आणायची योजना आणि वापरलेलं पाणी काढायची योजना एका दमात हाती घेणाऱ्या लहान गावांची उदाहरणं शोधावी लागतात. भुयारी गटार तर बहुतेकांनी स्वातंत्र्यानंतरच पाहिलं, काहींनी अजून पाहिलेलं नाही.

कारणं समजण्यासारखी आहेत. नळाला खांब असतो, त्यावर देणगीदाराची पाटी लागते, उद्घाटनाला कलेक्टर येतो. गटाराला पाटी कोण लावणार? शिवाय नळाची पाणपट्टी वसूल करता येते, सांडपाण्याचं बिल कुणी भरत नाही. कर्ज काढायचं तर फेड दाखवावी लागते, आणि गटारातून फेड दिसत नाही.

मलेरियाचा डासाशी असलेला संबंध रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादला ऑगस्ट १८९७ मध्ये दाखवला. तोवर बऱ्याच गावांत नळ येऊनही गेले होते. पुढं मुंबईच्या मलेरियाची चौकशी झाली. डॉ. बेंटली यांचा १९११ चा अहवाल प्रसिद्ध आहे, त्यात बोट घराघरांतल्या विहिरींकडे होतं. नळ आल्यावर वापर सुटलेली, पण न बुजवलेली विहीर ही डासांची हक्काची जागा. लहान गावांतही तेच. आडावर जाळी किंवा झाकण बसवा अशा नोटिसा निघाल्या आणि लोकांनी 'आमच्या कुलाचाराला आडाचंच पाणी लागतं' म्हणून त्या फिरवल्या.

११. पटकी, प्लेग, नारू: यांतला कोणता रोग खरोखर पाण्याचा?

पटकी आणि नारू पाण्याचे. प्लेग नाही.

पटकीचं केंद्र म्हणून सरकारी कागदांत पंढरपूर सतत येतं, कारण आषाढीला लाखो माणसं भर पावसाळ्यात एका वाळवंटात उतरायची आणि परतताना रोग गावोगाव न्यायची. रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये कलकत्त्यात पटकीचा जंतू दाखवला, तरी 'हवा' मानणारे अधिकारी पुढं बरीच वर्षं हवेलाच चिकटून राहिले. विहिरीत परमँगनेट टाकून पाणी गुलाबी करायची पद्धत आग्र्याच्या हँकिन यांनी रूढ केली. आज विहिरीत टाकतात ती टीसीएल (ब्लीचिंग) पावडर त्याच वंशातली. गावकऱ्यांना 'सरकारनं विहिरीत विष टाकलं' असा संशय यायचा आणि रात्रीतून विहीर उपसली जायची. मरीआईचा गाडा मात्र निर्धास्त पुढच्या गावाच्या शिवेवर जाऊन उभा राहायचा. रोग पुढं ढकलायची रीत म्हणून पाहिलं तर वारीवर निर्बंध घालणारं सरकार आणि गाडा ओढणारा गाव यांत फार अंतर नव्हतं.

नारू मला सगळ्यात उद्बोधक वाटतो. पायऱ्यांच्या विहिरीत माणूस घोटाभर पाण्यात उतरून घागर भरतो. पायावरच्या फोडातून नारू या लांब जंताची मादी पाण्यात अळ्या सोडते, त्या पाण्यातल्या बारीक सायक्लॉपच्या पोटात जातात आणि ते पाणी प्यायलेल्याला वर्षभरानं पुन्हा नारू. फेडचेन्को या रशियन संशोधकानं १८७० मध्ये ही साखळी ओळखली. उपाय दोनच: पाणी फडक्यानं गाळा, आणि पायऱ्या बंद करून वरून रहाटानं पाणी काढा. आज आपण जिच्या पायऱ्यांचे फोटो काढतो त्या सुंदर बारवेच्या पायऱ्याच रोगाची वाट होत्या. भारतातला शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये राजस्थानात सापडला.

प्लेग उंदरांच्या पिसवांमुळे होतो. मुंबईत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी सप्टेंबर १८९६ मध्ये तो ओळखला. पिसवांचा संबंध सिमाँ यांनी १८९८ मध्ये मांडला आणि तो सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षं गेली. दरम्यान गटारं धुतली, घरं फोडून पाहिली, सामान जाळलं. गटार धुतल्यानं उंदीर फक्त शेजारच्या घरात जायचा. पुण्यात रँड यांच्यावर २२ जून १८९७ ला गोळी झाडली गेली ती या सगळ्या जाचाच्या पार्श्वभूमीवर. गाव सोडून रानात झोपड्या बांधून राहणाऱ्या लोकांनी मात्र नकळत बरोबर उपाय केला होता.

१२. नगरपालिकेचं तळं म्हणजे सगळ्यांचं तळं, हे तेव्हा गृहीत होतं का?

कायद्याच्या कागदावर होतं, काठावर नव्हतं. मुंबई कायदे मंडळात सी. के. बोले यांचा ठराव ऑगस्ट १९२३ मध्ये मंजूर झाला: सार्वजनिक पैशातून बांधलेली किंवा चालवलेली पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. महाड नगरपालिकेनं १९२४ मध्ये चवदार तळं खुलं केल्याचा ठरावही केला. तळ्यावर जायची मात्र कुणाची छाती झाली नाही. २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्यायले. त्यानंतर मारहाण झाली, गोमूत्र-शेणाच्या घागरी ओतून तळं 'शुद्ध' केलं, आणि त्याच ऑगस्टमध्ये नगरपालिकेनं आपला ठराव मागं घेतला.

पुढचा भाग कमी लोकांना ठाऊक असतो. सवर्णांनी दिवाणी दावा लावला: तळं खाजगी आहे आणि अस्पृश्यांना मनाई हा अनादि रिवाज आहे. डिसेंबर १९२७ मध्ये तात्पुरता मनाई हुकूम मिळाला. निकाल मुंबई उच्च न्यायालयात लागायला १७ मार्च १९३७ उजाडला. असा रिवाज अनादि काळापासून असल्याचं वादींना सिद्ध करता आलं नाही. प्रश्न २ मधल्या नगरपालिकांची दप्तरं इथं किती कामाची ठरतात बघा: तळ्याची मालकी कुणाची, दुरुस्तीचा खर्च कुणी केला, हे तिथंच सापडतं.

महात्मा फुल्यांनी आपल्या घरचा हौद १८६८ मध्येच खुला केला होता. तो खाजगी होता आणि मालकाच्या एका शब्दावर उघडला. सार्वजनिक पाणवठा उघडायला ठराव, सत्याग्रह आणि दहा वर्षांची कोर्टबाजी लागली.

१३. आमचं गाव संस्थानात (किंवा वऱ्हाडात, मराठवाड्यात) होतं. हे सगळं आम्हाला लागू होतं का?

कायदे म्हणून नाही. कोल्हापूर, सांगली, औंध, फलटण इथं दरबारचा हुकूम चालायचा. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या कारभाराखाली असलं तरी कागदोपत्री निजामाचंच, आणि १९०३ मध्ये ते मध्य प्रांताला जोडलं. नागपूर मध्य प्रांतातच. त्यामुळं १८८४ किंवा १९०१ चा मुंबईचा कायदा तिथं शोधू नका.

अनुभव मात्र सारखाच. कोल्हापूरला कळंब्याच्या तलावाचं पाणी आलं, 'पाण्याचा खजिना' हे नाव आजही तोंडात आहे. सांडपाण्याला तिथंही तसं ऐटदार नाव मिळालं नाही.

१४. गोव्यात पोर्तुगीजांनी काय केलं?

तिथं धडा उलट्या बाजूनं मिळतो. जुनं गोवे हे एके काळी भरभराटीचं शहर. जमीन सच्छिद्र, विहिरी आणि शौचाचे खड्डे शेजारी-शेजारी, आणि पाझर सरळ विहिरीत. पटकी १५४३ पासून, पुढं मलेरिया. शहर दुरुस्त करण्याऐवजी माणसं उठून गेली. अठराव्या शतकाच्या मध्यावर व्हाइसरॉयनं बिऱ्हाड पणजीला हलवलं, १८४३ मध्ये ती अधिकृत राजधानी झाली. त्याआधी व्हाइसरॉय दों मानुएल द पुर्तुगाल ई काश्त्रू यांच्या काळात पणजीची दलदल भरून रस्ते आखले होते. पाणी फोंतेन्यश आणि बोका द व्हाका इथल्या झऱ्यांचं. खांडेपार नदीवरच्या ओपा योजनेचं नळाचं पाणी आलं ते १९५७ मध्ये, राजवट संपायला चार वर्षं उरली असताना.

१५. खापरी नळ दुरुस्त करून पुन्हा पिण्याचं पाणी घेता येईल का?

वापरायचं पाणी, कदाचित. प्यायचं, तपासणीशिवाय नाही. नळ शाबूत असला तरी त्याच्या डोक्यावरचं पाणलोट आता मोकळं राहिलेलं नाही. तिथं वस्ती आहे, तिचे शोषखड्डे आहेत, आणि प्रश्न १० मधलंच सांडपाणी आता जमिनीखालून उच्छ्वासात येतं. बुऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा अजून चालतो, औरंगाबादची पाणचक्कीही, पण त्यांच्या मागचा डोंगर तुमच्या गावामागे आहे का ते आधी पाहा. आणि उत्साहाच्या भरात उच्छ्वासात एकट्यानं उतरू नका. आत हवा कोंडलेली असते.

१६. माझ्या गावाचे कागद कुठं मिळतील?

सुरुवात जिल्हा गॅझेटियरपासून करा. कॅम्बेलच्या जुन्या मालिकेत गावनिहाय नोंदी आहेत: नगरपालिकेचं साल, उत्पन्न, पाण्याची सोय. मग मुंबईचं आणि पुण्याचं पुराभिलेखागार, संस्थानी गाव असेल तर कोल्हापूरचं. सगळ्यात रसाळ ऐवज मात्र नगरपालिकेच्याच रेकॉर्ड रूममध्ये असतो: सभांची प्रोसिडिंग बुकं. सुरुवातीची काही मोडी लिपीत, पुढची बाळबोध (देवनागरी) वळणात. परवानगीचा अर्ज लेखी द्या, पोच घ्या, आणि जाताना रुमाल न्या, धूळ फार असते.

मी एका गावी (नाव सांगत नाही, तिथले मुख्याधिकारी मदतीला फार तत्पर होते) तीन दिवस अशी बुकं चाळली. नळकोंडाळ्याचा विषय दोन सभांत निघाला आणि मंजूर झाला. त्याच नळकोंडाळ्याचं सांडपाणी काढायच्या गटाराचा विषय पुढच्या बुकात आला, त्याच्या पुढच्या बुकातही आला. कारकून बदलला, शाई बदलली, अक्षराचं वळण बदललं. शेरा तोच: 'पुढील सभेपर्यंत तहकूब.'